माल पाण्यावर आहे

९ मे

भोंग्या,

तुझा दोन ओळींचा मेल मिळाला. पहिल्या ओळीवरून कळलं की तू जिवंत आहेस, दुसऱ्या ओळीवरून कळलं की तू अजून तसाच आहेस. "बाबांना सांग, आधी मशीन चालू करा, मग बोलतो." चार वर्षांनी वडिलांना निरोप धाडलास तो हा. बरं केलंस.

तुमच्या जहाजाच्या मेलमधून फोटो जात नाही, आवाज जात नाही, नुसती अक्षरं जातात, असं तूच मागे लिहिलं होतंस. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबेल, वैतागू नकोस. इंजिनखोलीतून वर आलास की निवांत वाच.

मशीन चालू करता येत नाही. बाबांनी ते बंद केलेलं नाही, ते बंद पडलंय. या दोन्हींत फरक आहे आणि तो तुझ्या डोक्यात शिरावा म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

इथं आता सगळ्यांच्या तोंडाला मास्क. बाबांच्या कानामागे आधीच ऐकायचं मशीन, त्याच्यावर चष्म्याची काडी, आणि आता त्यावर मास्कची दोरी. एवढ्याशा कानावर तिघांचा संसार. मी सांगत होते, मास्क सावकाश काढत जा. ते कुणाचं ऐकतात? दूध घेऊन आले, दारातच एका हिसक्यात मास्क ओढला, दोरीबरोबर मशीन उडालं आणि बाहेरून आणलेल्या वस्तू बुडवायला मी दारात औषधाच्या पाण्याची बादली ठेवली होती, थेट तिच्यात. बुडुक.

मी आत भांडी घासत होते. मला हाक मारायची की नाही? नाही मारली. आयुष्यभर दुकानात पंपांच्या भिजलेल्या मोटारींचं जे केलं तेच त्यांनी केलं. माळ्यावरून ती पत्र्याची पेटी काढली, दुकानातला तो मोठा बल्ब लावला आणि मशीन रात्रभर बल्बखाली वाळत ठेवलं. तुला आठवत असेल, पावसाचं पाणी शिरलेली मोटार अशी शेकून काढली की सकाळी गुरगुरायला लागायची. मोटारीच्या तांब्याला जे मानवतं ते कानातल्या चिपला मानवत नाही. सकाळी बघितलं तर प्लास्टिक लोळागोळा झालेलं. माझं सगळं आयुष्य अशा चिपा तपासण्यात चाललंय आणि घरात ही तऱ्हा. मी कपाळाला हात लावला. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "ओल गेली असेल ना पण?"

आता तू घर सोडलंस त्या दिवसाचं, कारण तू तिथंच अडकून बसलायस. दुकानात बसून जळक्या मोटारींत नवी तार भरायची की जहाजावर जायचं यावरून तुमचं वाजलं. बाबांनी नेहमीसारखं कानामागे बोट नेलं आणि मशीन बंद केलं. वाद नकोसा झाला की ते हेच करतात. आईशी करायचे, माझ्याशी अजून करायचे. तू बॅग घेऊन दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "या दुकानात राहिलो तर मीपण जळून जाईन, तुमच्या त्या मोटारींसारखा." ते नुसते बघत राहिले. तू गेलास. बोललास त्याचं दुःख तुला झालं नाही, त्यांना ऐकूच गेलं नाही याचं झालं. हे मला तेव्हाही कळलं होतं.

असो. तुझी बदली माणसं कुठल्याच बंदरात चढू देत नाहीत, असं वाचलं. मुदत संपून गेली तरी तू तिथंच, आणि आम्ही इथं दारात बादली ठेवून. दोघांचीही गत एकच झालीय.

बाबा बरे आहेत. तू जेवतोस का नीट?

ताई


२ जून

भोंग्या,

"नेहमीचंच नाटक" असं तू लिहिलंस. तीन शब्द. म्हणजे आता ओळसुद्धा पुरी लिहायची नाही.

तू समोर असतास तर कान पिरगाळला असता. बहिरा माणूस, त्याचं मशीन मेलेलं, आणि तू म्हणतोस नाटक. मग ऐक, नाटकाचा दुसरा अंक सांगते.

आमचा कारखाना उघडला. एक जागा सोडून एक माणूस, मध्ये प्लास्टिकचे पडदे. मी पूर्वीसारखीच भिंगाखाली बोर्ड तपासते, सोल्डरचा टाका नीट बसलाय का, चिपच्या दोन पायांमध्ये तो सांडलाय का. आपले बोर्ड कपडे धुण्याच्या यंत्रात जातात हे तुला माहीत आहे. सध्या येतो तो प्रत्येक बोर्ड अगदी ठाकठीक असतो, फक्त त्याच्या मधोमध एक जागा मोकळी. नखाएवढी चिप, ती नाही. बाकी सगळं लावून आम्ही बोर्ड रॅकमध्ये उभे करून ठेवतो. समोरचा दात पडलेल्या पोरांची शाळा भरल्यासारखं दिसतं.

चिप जिथं होते तो कारखाना दोन महिने बंद होता. उघडला तेव्हा माल न्यायला जहाज नव्हतं. जहाज मिळालं तर कंटेनर नव्हते, कारण रिकामे कंटेनर भलत्याच देशात अडकून पडलेले. आता माल निघालाय म्हणे. आमच्या सुपरवायझरना सकाळी विचारा, दुपारी विचारा, उत्तर एकच. "माल पाण्यावर आहे." माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, चला, आलाच की.

मग मी कानाच्या मशीनवाल्याकडे गेले. कोपऱ्यावरचं तेच दुकान, आई बाबांना पहिल्यांदा तिथंच घेऊन गेली होती. कपाटात नुसती रिकामी खोकी मांडलेली. मी बाबांचं ते वितळलेलं मशीन टेबलावर ठेवलं, तर त्यांनी आधी हातात घेऊन फिरवून बघितलं आणि विचारलं, "हे कुत्र्यानं चावलं का?" मी म्हटलं, नाही, वडिलांनी भाजलं. नवीन कधी मिळेल? तेही म्हणाले, माल पाण्यावर आहे. दुसऱ्या कंपनीचं? त्यांचाही. सगळ्यांच्या चिपा एकाच ठिकाणच्या. बाबांच्या कानाला साधं मशीन चालत नाही, त्यांचं वेगळं लागतं. तरी एक स्वस्तातलं आणून पाहिलं. ते इतकी शिट्टी मारायचं की बाबांना ऐकू येत नव्हतं पण शेजाऱ्यांना येत होतं.

मेलेलं मशीन मी शिफ्ट संपल्यावर आमच्या भिंगाखाली उघडलं. चिपचं पोट फुगून तडकलं होतं. हे मी मुद्दाम लिहितेय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आता तरी नाटक म्हणू नकोस.

आता बाबा दिवसभर काय करतात ते सांगते. फोनवर जहाजं दाखवणारा नकाशा असतो, तो मी त्यांना लावून दिला. तुझं जहाज म्हणजे एक हिरवा बाण. बंदराबाहेर तसल्याच बाणांची ही गर्दी, आणि त्यात एक तुझा. ते चष्मा वर करून बघत बसतात. बाण जागचा हलत नाही, नांगर टाकलेला, पण वाऱ्याने त्याचं तोंड फिरतं. बाबा स्वयंपाकघरात येऊन मला सांगतात, "आज तोंड इकडे आहे." एवढंच. तुझं नाव घेत नाहीत. मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं, माल पाण्यावर आहे म्हणे. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "आपलाही." आणि पुन्हा फोनकडे बघायला लागले.

अजून एक. शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप बिघडला. बाबांना ऐकू येत नाही म्हणून ते बिचारे विचारायला लाजत होते. बाबांनी तो लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक पंपाच्या अंगाला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. त्यांचा कान लहानपणी फुटला तो फुटला, हाड शाबूत आहे. हाडातून त्यांना जे कळतं ते तुला-मला कानाने कळत नाही. तुलाही त्यांनी असंच शिकवलं होतं, तू तर स्टूलावर उभा राहून ऐकायचास. मी गॅलरीतून बघत होते. बाबांनी डोळे उघडले आणि ठरलेलं वाक्य बोलले, "मोटार जळलेली नाही. बेअरिंग कोरडं पडलंय. ठेवून जा." शेजारी म्हणाले, पण पंप आमच्याच घरात आहे. बाबांना ते ऐकू गेलं नाही.

आठवतं ना, दुकानात गिऱ्हाईक आलं की दोनच निकाल असायचे. जळली असेल तर "घेऊन जा". जळलेली नसेल तर "ठेवून जा". आपण दोघं दुकानामागच्या मोरीच्या दारात उभं राहून आधीच पैज लावायचो.

तुझ्या जहाजावर कंटेनरच आहेत ना? बघ जरा, त्यात एखाद्यात आमच्या चिपा असतील तर खिशात घालून आण. गंमत करतेय.

ताई


२४ जून

भोंग्या,

तुझं उत्तर नाही. कामात असशील. मी आपली लिहिते.

एक गोष्ट मागच्या पत्रात मी गोड करून सांगितली. बाबा जहाज बघतात हे खरं, पण पंप सोडला तर ते आठवडेच्या आठवडे बाहेरच्या कुणाशी काही बोललेले नाहीत. मशीन नसलं तरी त्यांचं अडायचं नाही, कारण ते ओठ वाचतात. आई म्हणायची, यांच्यासमोर मनातल्या मनात शिवी दिली तरी यांना कळते. आता सगळ्यांचे ओठच झाकलेत. दुकानात गेले की समोरचा काहीतरी बोलतो, यांना नुसते डोळे दिसतात. मग ते हसतात. काहीही विचारलं तरी हसतात. परवा कुणीतरी त्यांच्यावर ओरडलं, लांब उभे राहा म्हणून, तेव्हाही ते हसून मान डोलावत तिथंच उभे. रांगेतला एक जण म्हणाला, म्हातारा चळलाय. मी तिथंच होते. मी त्या माणसाला काय बोलले ते लिहीत नाही, तुमचा मेल अडकायचा.

घरी आल्यावर मी मास्क काढून त्यांच्यासमोर बसले आणि एकेक शब्द सावकाश बोलले. कुणी वेडं नाही म्हणत तुम्हाला. त्यांनी बघितलं, आणि म्हणाले, "तू थकलीस गं." तेव्हापासून ते बाहेर जात नाहीत.

घरात मी मास्क घालत नाही. घालायला हवा, कारखान्यात रोज सूचना देतात. पण मी घातला तर त्यांना दिसणार काय?

थोडा खोकला आहे त्यांना. धुळीचा असेल, माळ्यावरची पेटी पुन्हा ठेवायला ते स्वतःच चढले होते.

तुला त्यांच्याशी बोलायचं असेल तर बोल रे. मला लिही, मी त्यांना ओठांनी सांगते. तुझे शब्द जसेच्या तसे सांगेन. फार तर एखादा गाळीन.

ताई


६ जुलै

भोंग्या,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या वाच. जेवत असलास तर ताट बाजूला ठेव.

बाबांना दवाखान्यात नेलंय. तो खोकला धुळीचा नव्हता. मला माहीत होतं, पण मी तुला लिहिलं नाही, आणि स्वतःलाही सांगितलं नाही. मलाही तेच झालंय, पण थोडक्यात आहे. मला घराबाहेर पडायची बंदी आहे, दाराला कागद चिकटवून गेलेत. त्यांना नेलं तेव्हा मी खिडकीत होते.

नेणारे चौघे होते, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात. तोंड नाही, ओठ नाही, काही नाही. ते बाबांशी बोलत होते आणि बाबा एकेकाकडे बघत होते. मी वरून ओरडत होते, त्यांना ऐकू येत नाही हो, त्यांना लिहून दाखवा. कुणी वर बघितलं नाही. मग बाबांनीच वर बघितलं. मी खिडकीतून ओठांनी म्हटलं, लवकर या. ते म्हणाले, "गॅस बंद कर." आणि गाडीत बसले. मी खरंच दूध ठेवलं होतं.

पिशवी त्यांनी स्वतः भरली. टॉवेल, फोन, चष्म्याची डबी, आणि तो स्क्रू ड्रायव्हर. दवाखान्यात कशाला तो, मी विचारलं नाही. माणूस सवयीची वस्तू बरोबर घेतो.

वॉर्डातल्या एक सिस्टर फोनवर बोलतात. भल्या बाई आहेत, पण थकलेल्या. त्यांनी सांगितलं, आजोबा काही विचारलं की नुसते हसतात, बोलत नाहीत. मी म्हटलं, अहो, त्यांना तुमचं ऐकू येत नाही. त्या म्हणाल्या, कागदावर कुणी लिहिलं नव्हतं. मग श्वास कसा आहे विचारलं तर म्हणाल्या, "घाबरू नका, पण ज्यांना काही बोलायचं असेल त्यांनी उशीर करू नये."

म्हणून आता तू बोल.

तू मागे लिहिलं होतंस की नांगरावर असताना रात्री वरच्या डेकवर किनाऱ्याचा सिग्नल लागतो. तिथं जा. फोनमध्ये तुझा आवाज भर आणि मला पाठव. मी तो बाबांच्या फोनवर पाठवते. मी सिस्टरना स्क्रू ड्रायव्हरचं सगळं समजावून सांगितलंय. टोक फोनच्या पाठीला, मूठ कानामागच्या हाडाला, आवाज मोठ्यात मोठा. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, करून बघू.

खालच्या आवाजात बोल, ओरडू नकोस, हाडातून जाड आवाज चांगला जातो. लहानपणी तू रडायला लागलास की बाबांना मशीनशिवायही कळायचं, म्हणून तर तुझं नाव भोंगा पडलं. घरभर त्यांना ऐकू येणारा तू एकटा होतास.

काय बोलायचं ते तू ठरव. माफी मागायलाच हवी असं नाही. इंजिनाबद्दल बोल, त्यांना आवडेल. फक्त मशीन चालू करा म्हणू नकोस. आणि उद्यावर टाकू नकोस.

ताई


११ जुलै

भोंग्या,

बाबा गेले. काल पहाटे.

कसं लिहायचं ते मला कळत नाही, म्हणून सरळ लिहिलं. तू एकटा असताना वाचशील की तुझ्याभोवती कुणी असेल याचा विचार करत मी बराच वेळ नुसती बसून होते. शेवटी वाटलं, मी एकटीच आहे, तूही एकटाच वाचणार.

मला जाऊ दिलं नाही. काचेतूनसुद्धा नाही. एक फोन आला. बाईचा आवाज होता, ओळखीचा नव्हता. वडिलांचं नाव विचारलं, माझं नाव विचारलं, आणि सांगितलं. मी "बरं" म्हटलं. कुणी सांगितलं की दूध संपलं तरी माणूस "बरं" म्हणतो, तसंच म्हटलं. मग फोन ठेवून गॅस बंद आहे का ते बघून आले.

तुझा आवाज आला होता. आदल्या दिवशी दुपारी. मी ऐकला नाही. तुझं आणि त्यांचं होतं ते. तसाच पुढे पाठवला.

तू विचारशील, त्यांनी ऐकलं का. मला माहीत नाही रे. संध्याकाळी त्या दोन रेघा निळ्या झाल्या, म्हणजे फोनवर कुणीतरी उघडलं. बाबांनी उघडलं असेल आणि हातात धरून नुसतं बघत बसले असतील, तरी रेघा निळ्याच होणार. मी त्या सिस्टरना फोन लावला. दुसऱ्याच कुणीतरी उचलला. म्हणाल्या, त्या स्वतःच आजारी पडल्यात, ड्यूटीवर नाहीत. स्क्रू ड्रायव्हरचं विचारलं तर त्यांना वाटलं मी शुद्धीवर नाही.

मी तुला खोटं सांगू शकले असते. ऐकलं, हसले, तुला आशीर्वाद दिला. दोन वेळा लिहून खोडलं. तुला ते पटलंही नसतं.

नकाशा अजून माझ्या फोनवर आहे. तुझा बाण तिथंच आहे. आज तोंड इकडे आहे.

ताई


१९ ऑगस्ट

भोंग्या,

तुझा मेल येऊन बरेच दिवस झाले. मी उत्तर दिलं नाही कारण मला राग आला होता. तू लिहिलंस, कंपनीने बदली माणसं पाठवायचं ठरवलंय, पुढच्या बंदरात सगळे उतरणार आहेत, पण तू उतरणार नाहीस. अजून एका मुदतीची सही करणार. "आता घरी येऊन कुणाला भेटू?"

मी वाचून फोन पालथा घातला. मी काय भिंत आहे का?

खरं तर तो नुसता राग नव्हता. तुझं म्हणणं मला समजत होतं. चार वर्षं एक वाक्य उरात धरून बसलास, शेवटी दुसरं बोललास, आणि तेही पोचलं की नाही कळलं नाही. असा माणूस इंजिनखोलीतच बरा, तिथं आवाजात काही ऐकू येत नाही. मलाही कारखान्यात तसंच होतं. भिंगाखाली मान घातली की बरं वाटतं.

आमचा माल आला. रॅकमधले सगळे बोर्ड खाली उतरले, प्रत्येकाच्या मधोमध चिप बसली. सुपरवायझर खूश आहेत. मी एकेक टाका तपासत होते आणि मध्येच डोळ्यांपुढे पाणी आलं, भिंगातून सगळं मोठं दिसतं त्यामुळे तेही मोठं दिसलं. शेजारच्या बाईने काही न विचारता माझा ट्रे आपल्याकडे ओढून घेतला.

त्याच आठवड्यात कानाच्या मशीनवाल्यांचा फोन. "बाई, तुमच्या वडिलांचं मशीन आलंय. घेऊन जा." मी सांगितलं. त्यांनी खोकं पुन्हा कपाटात ठेवल्याचा आवाज आला. मग मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला द्या. म्हणाले, रांग आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. काल त्या सिस्टर घरी आल्या होत्या.

बऱ्या झाल्यात, चालताना दम लागतो. बाबांची पिशवी घेऊन आल्या. दवाखान्यात ती दुसऱ्याच कुणाच्या सामानात गेली होती, यांनी स्क्रू ड्रायव्हरवरून ओळखली. दारात उभ्याच राहिल्या, आत येत नव्हत्या. मी म्हटलं, अहो, दोघींना होऊन गेलंय, आता काय घाबरायचं, या. तेव्हा बसल्या आणि मास्क काढला. त्यांचं तोंड मी पहिल्यांदा बघितलं. वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत.

मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "त्या संध्याकाळी मीच होते. माझी ड्यूटी संपली होती, अंगात कणकण होती, पण तुम्हाला सांगितलं होतं ना, करून बघू म्हणून."

त्यांनी आधी फोन नुसताच बाबांच्या कानाशी धरला. बाबांनी मान हलवली. मग सिस्टरनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मी सांगितलं होतं तसं टोक फोनला टेकवलं. बाबांच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, हातात ताकद नव्हती, तरी त्यांनी सिस्टरचा हात धरून टोक सरकवलं. इथं नाही, इथं. मूठ स्वतः कानामागे दाबली. डोळे मिटले. सिस्टर म्हणाल्या, वॉर्डात इतके दिवस मी आजोबांना बघत होते, त्यांचा चेहरा असा कधी दिसला नव्हता, कामात असल्यासारखा.

तुझं बोलणं संपलं. बाबांनी एक बोट वर केलं, पुन्हा. यांनी पुन्हा लावलं. मग अजून एकदा. मग त्यांनी डोळे उघडले, मास्क थोडा बाजूला केला आणि बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. सिस्टरना वाटलं ते भ्रमात बोलतायत, पण शब्द इतके स्पष्ट होते की त्यांच्या लक्षात राहिले. मला त्यांनी जसेच्या तसे सांगितले आणि विचारलं, याचा अर्थ काय?

 मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

बाबा म्हणाले, "मोटार जळलेली नाही. बेअरिंग कोरडं पडलंय. ठेवून जा म्हणावं."

भोंग्या, आता तू नीट वाच. त्या दिवशी तू दारात उभा राहून म्हणालास, मीपण जळून जाईन तुमच्या मोटारींसारखा. मशीन त्यांनी बंद केलं होतं. डोळे मिटले नव्हते. ते तुझ्याकडेच बघत होते, हे मी स्वतः पहिल्या पत्रात लिहिलंय आणि तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही. आईने मनातल्या मनात दिलेल्या शिव्या वाचणारा माणूस तो, मुलाचे ओठ वाचल्याशिवाय राहील? ते चार वर्षं तुझं वाक्य बाळगून होते. तुझा आवाज हाडाला लावून तीन वेळा तपासला, आणि मगच निकाल दिला. न तपासता त्यांनी कधी कुणाला निकाल दिला नाही.

तू काय बोललास ते मी विचारणार नाही. सिस्टर एवढंच म्हणाल्या की आवाज फार घोगरा होता.

सही करू नकोस. पुढच्या बंदरात उतर. कंपनीने विचारलं तर सांग, आमच्या वडिलांनी ठेवून जा म्हटलंय.

दुकान मी उघडायचा प्रयत्न केला. शटर गंजून बसलंय, मला एकटीला उचलत नाही. स्क्रू ड्रायव्हर घरात तुझ्या त्या स्टूलावर ठेवलाय.

ताई